कुंडीतला वाटाणा

पांडवलेण्याच्या पायथ्याशी नाशिक महापालिकेने उभारलेल्या स्मारकात दादासाहेब फाळके भेटतात ते भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून. सुट्टीत आई-बापांचे बोट धरून आलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाला या बिरुदातून काय कळणार? 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच्या आजोबांनीही पाहिलेला नसतो. अशा मुलांना फाळक्यांची ओळख त्यांच्या आदल्या वर्षीच्या प्रयोगापासून करून द्यावी. 1912 मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर तो कोंब बघता बघता वर आला. ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पुढच्या चित्रपटासाठी कर्ज दिले. म्हणजे ज्याला आपण आरंभ समजतो, त्याच्याही आधी एक रोपटे आहे.

यावर कोणी म्हणेल, मुलांना विज्ञानाची गोडी लावायची तर फाळके शास्त्रज्ञ नव्हतेच. खरे आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रण आणि छपाईत हात बसलेला कारागीर. ही युक्तीही त्यांची एकट्याची नव्हे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने 1910 मध्ये उमलती फुले अशीच पडद्यावर आणली होती. पण शास्त्रज्ञाच्या तसबिरीपुढे उभ्या केलेल्या मुलाला बहुधा दाढी आणि कोट तेवढा दिसतो, सिद्धान्त नववी-दहावीपर्यंत कळत नाही. वाटाण्याच्या प्रयोगात मात्र प्रश्न, रीत, चिकाटी आणि उत्तर, सगळे डोळ्यांनी दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्याने आयुष्यभर पुराणातले चमत्कार चित्रित केले, त्याच्याकडून विज्ञान कसले शिकायचे? पण हे चमत्कार कॅमेरा मध्येच थांबवून आणि एका चित्रावर दुसरे टिपून घडवलेले होते, आणि फाळक्यांनी ते लपवले नाही. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी फिल्मही त्यांनीच काढली. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर त्यांची मुलगी मंदाकिनी आधी साध्या मुलीसारखी चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. प्रेक्षकाला आधीच सगळे सांगून टाकणारा जादूगार विरळाच.

अडचण खरी पुतळ्याची आहे. पुतळा माणूस दाखवतो, काम दाखवत नाही. वरच्या लेण्यांतही राजघराण्यांतील गौतमी बलश्री आणि उषवदात यांची दाने शिलालेखांत कोरलेली आहेत. छिन्नी चालवणाऱ्यांना तेवढी जागा मिळालेली नाही. खाली स्मारकात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचेही तसेच झाले. कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांनी शिकून घेतली होती, शिवाय चित्रीकरणासाठी जमलेल्या माणसांचा स्वयंपाक होताच. पण ही तक्रार दूर करायला नवे स्मारक बांधावे लागत नाही. मुलांना तिथे नेण्याआधी महिनाभर घरच्या खिडकीत वाटाणा पेरावा आणि मोबाईल रोज त्याच जागी ठेवून एकेक फोटो काढावा, एवढे पुरे.