प्रश्न कोणाचा, मोजदाद कोणाची?

मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांना नाशिककडचंच आठवतं. आज आपण वाशिमच्या आपल्या मालेगावात बसलो आहोत, आणि विषय आहे लहान मुलांच्या आरोग्याचं संशोधन. ते कोणी करायचं आणि कोणासाठी?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ज्ञान म्हणजे काय, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. पण एकदा विद्यार्थ्यांना घेऊन एका वस्तीत बाळांची माहिती भरायला गेलो, तेव्हा एक माय म्हणाली, "मांगच्या सालीबी लिहून नेलं व्हतं, सर. त्याचं काय झालं?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा शोध समजा.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1986 साली गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून तो महत्त्वाचा होता, पण लोकांची निकड वेगळी होती. मग त्यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली. आदिवासी म्हणाले, मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांचीही वाटते, कारण पांढरं कापड प्रेतावर घालतात. म्हणून शोधग्राममधला दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

पुढची पायरी याहून मोठी होती. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं. पण दाईला आकडे येत नसतील तर? म्हणून मण्यांचं एक साधं यंत्र तयार झालं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर 10 श्वासांमागे एक मणी सरकवायचा. निदान डॉक्टरच्या हातातून गावातल्या बाईच्या हातात आलं.

त्यानंतर 39 गावांमध्ये थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासत, ऊब देत, गरज पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. 1998 साली आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्याच सुमारास तिथले आकडे हाती आले. दर हजार जन्मांमागे पूर्वी 62 नवजात बाळं दगावत, ती संख्या 26 च्या आसपास आली. 1999 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 2011 पासून भारत सरकारने आशा ताईंमार्फत घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर नेली. आपल्या तालुक्यात बाळंतिणीच्या घरी आशा ताई येते ना, तिच्या वाटेची सुरुवात अशी झाली.

योगायोग पाहा, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचंही संक्षिप्त नाव 'सर्च'च आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी 1971 साली सिडनीच्या रेडफर्न भागात स्वतः चालवलेला दवाखाना सुरू केला. अशाच, समाजाच्या ताब्यातल्या दवाखान्यांबरोबर संशोधकांनी शहरांतल्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. काय अभ्यासायचं हे ठरवण्यात समाजाचा वाटा होता. मुलांचे कान फुटतात, ऐकू कमी येतं, मग बोलणं मागे पडतं, हे समोर आलं. पुढे कानाच्या शस्त्रक्रिया आणि वाचा-उपचार यांसाठी निधीही मिळाला. थोडक्यात, मोजदाद मुलांपर्यंत परत आली.

आम्हाला एवढंच म्हणायचं आहे, की ज्यांची मोजदाद होते त्यांना प्रश्न ठरवण्यात वाटा नसेल, तर ते ज्ञान अर्धंच राहतं. डॉक्टरांचं शास्त्र लागतंच, पण दाईच्या बोटांवाचून ते बाळापर्यंत पोचत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन दारात आलं, तर माहिती जरूर द्या. पण विचारा, हा प्रश्न कोणी ठरवला आणि उत्तर ग्रामसभेत वाचून कधी दाखवणार? त्या मायने आम्हाला हेच विचारलं होतं. आम्हाला ते कळायला उशीर झाला.