अपविद्ध पुत्र आणि दत्तकाचा कायदा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत दत्तकाची गोष्ट निघाली कीं जुन्या मंडळींस पाटीलकी, पटवारकी आणि शेतजमिनीचे तंटे आठवतात. दत्तक कोणीं घ्यावा याचा खल पुष्कळ झाला; ज्यास द्यावयास कोणी उरलेंच नाहीं, त्या मुलाचा प्रश्न मागें राहिला. येथें आम्ही तेवढ्याचाच विचार करणार आहों.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. आईबापांनीं टाकलेला व दुसऱ्यानें पुत्र म्हणून स्वीकारलेला तो ‘अपविद्ध’ त्यांतलाच. म्हणजे टाकलेल्या मुलास घरांत घेण्याची वाट शास्त्रास ठाऊक होती. पुढें निबंधकारांनीं ती बुजविली. महाराष्ट्रांत मान्य असलेल्या नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखांत दत्तकावांचून इतर गौण पुत्र कलियुगीं वर्ज्य ठरले. दत्तक म्हणजे दिलेला. आणि वसिष्ठाच्या मतें देण्याचा अधिकार आईबापांचाच.

इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं हा नियम अक्षरशः धरला. १८७३ सालीं मुंबई हायकोर्टानें आईबापांमागें भावासही हा अधिकार नाकारला. रूढीचा अपवाद सोडल्यास पोरका मुलगा दत्तक जाऊं शकत नसे. पंढरपुरास १८७५ सालीं टाकलेल्या मुलांसाठीं आश्रम निघाला. तेथें मूल वांचे, वाढे, पण दत्तपुत्राची पदवी त्यास या नियमानें मिळत नसे.

१९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें आईबाप वारले असतां कोर्टाच्या परवानगीनें पालकास मूल देतां येऊं लागलें. मुलीही दत्तक जाऊं लागल्या. १९६२ च्या दुरुस्तीनें टाकलेल्या व आईबाप अज्ञात असलेल्या मुलांचाही त्यांत समावेश झाला. अपविद्धाची बुजलेली वाट अशी पुन्हा मोकळी झाली.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानें, मूल सोपविणाऱ्या आईबापांस फेरविचारास दोन महिने दिले. टाकलेलें मूल दोन वर्षांपर्यंतचें असल्यास दोन महिन्यांत, मोठें असल्यास चार महिन्यांत चौकशी पुरी करून तें दत्तकास मोकळें ठरवावें, अशीही मर्यादा घातली. दारिद्र्यानें गांजलेल्या आईस सावरण्यास अवधि हवाच. परंतु चौकशी रेंगाळली तर तिची किंमत मूल आपल्या बालपणानें भरतें.

वसिष्ठानें आईबापांस मूल देण्याचा, विकण्याचा व टाकण्याचाही अधिकार दिला होता. त्यांपैकीं विक्री व त्याग आज अपराध आहेत, आणि दानही मुलाच्या हिताच्या अधीन झालें आहे. आईबापांचा अधिकार हें स्वामित्व नव्हे, ठेव आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय असें आम्हांस वाटतें.