पाठीवरून कुशीला

घाटकोपरला गर्दीच्या लोकलमध्ये शिरताना आपण पाठीवरची सॅक पुढे घेतो. स्कूबाच्या ‘साइडमाउंट’ पद्धतीचा इतिहासही असाच, अरुंद जागेतून सुरू झालेला.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या पाण्याने भरलेल्या गुहांत पाठीवरचा सिलिंडर छताला अडकायचा. तो पाठीवरच का हवा, असा प्रश्न तिथल्या गुहा-शोधकांना पडला. त्यांनी कमरेला जाड पट्टा बांधून सिलिंडर कुशीला घेतला. पुढे फ्लोरिडाच्या पाणबुड्यांनी जुन्याच हार्नेसमध्ये फेरफार केले: कमरेला कड्या, काखेपाशी रबरी दोरी. १९९० च्या दशकात लामार हायर्स यांनी तयार हार्नेस बाजारात आणला.

फायदा फक्त जागेचा नाही बरं का. दोन्ही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह हाताशी, नजरेसमोर येतात. एकाने दगा दिला तरी दुसरा स्वतंत्र असतो. मात्र हवा आलटूनपालटून वापरावी लागते.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला. त्यांना शोधून काढणारे स्टँटन आणि व्होलँथन याच ब्रिटिश परंपरेतले. पाणी उपसण्याच्या कामी आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही होते. जुन्या पट्ट्यांची ती खटपट अशी १३ जिवांच्या उपयोगी पडली.