मावशीचा शेक

आमच्या मावशीला पन्नासएक वर्षांपूर्वी कर्करोग झाला, तेव्हा आमच्या वाड्यात त्या रोगाचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. ‘मुंबईस शेक घ्यायला गेली आहे’, एवढेच शेजारीपाजारी सांगितले जाई. सहा आठवडे ती दिराच्या घरी राहिली आणि परत आली ती एक तक्रार घेऊनच. “शेक शेक म्हणतात, पण ऊब म्हणून कशी ती लागली नाही. यंत्र अंगावर आणून उभे करतात, सगळी माणसे खोलीबाहेर पळतात, आणि घटकाभराने येऊन म्हणतात, झालं मावशी, उठा! हा कसला बाई शेक?” मावशी त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हा शिकल्यासवरलेल्यांपैकी एकालाही देता आले नाही. उशिरा का होईना, ते देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी थोडे दूरवर जाऊन पुन्हा पुण्यास यावे लागेल.

गोष्टीची सुरुवात दवाखान्यात झालेली नाही. १९१९ साली रदरफर्डने नायट्रोजनचा अणुगर्भ फोडला, तो किरणोत्सर्गी द्रव्यातून आपोआप सुटणाऱ्या कणांचा मारा करून. निसर्गाने फुकट दिलेला हा दारूगोळा फार तुटपुंजा होता. कण हवे तेवढे आणि हव्या त्या वेगाचे मिळायचे, तर ते आपणच पळवले पाहिजेत. विद्युतभारित कणाला पळवण्याचा सरळ उपाय म्हणजे विजेचा दाब. एका टोकाला ऋण, दुसऱ्या टोकाला धन. मधल्या निर्वात नळीतून कण धावत सुटतो. दाब जितका जास्त, तितका त्याला जोर अधिक. पण दाब काही लाख व्होल्टच्या पुढे गेला, की ठिणग्या उडू लागतात, काच तडकते, यंत्र स्वतःच फटाका होऊन बसते. बर्लिनच्या तीन तरुणांनी तर १९२७-२८ मध्ये आल्प्समधील माँटे जेनेरोझो पर्वतावर दोरखंड बांधून आकाशातली वीजच पकडण्याचा घाट घातला. दाब मिळाला, पण त्यांच्यापैकी कुर्ट उर्बान हा दरीत कोसळून मरण पावला. दिवाळीत मुलांच्या हातून फुलबाज्या काढून घेणाऱ्या आयांनी ही हकीकत जरूर वाचून दाखवावी.

याच सुमारास आखेन येथे एक नॉर्वेजियन विद्यार्थी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी धडपडत होता. रॉल्फ विडेरो त्याचे नाव. त्याचे पहिले यंत्र चालले नाही. मग त्याने गुस्ताव्ह ईझिंग या स्वीडिश शास्त्रज्ञाचा १९२४ सालचा एक निबंध हाती घेतला. ईझिंगची कल्पना मोठी साधी होती. एकदाच प्रचंड धक्का देण्यापेक्षा लहान लहान धक्के वारंवार का देऊ नयेत? नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या पोरीला कोणी एका दणक्यात झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचवीत नाही. झोका परत आला की नेमक्या क्षणी हात लावायचा. जोर बेताचाच, वेळ मात्र अचूक.

विडेरोने हे धक्के देण्यासाठी उलटसुलट होणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, वीज घेतली. आता अडचण अशी, की ही वीज अर्धा वेळ कणाला पुढे ढकलील आणि उरलेला अर्धा वेळ मागे खेचील. जमाखर्च शून्य! यावर त्याने धातूची पोकळ नळी वापरली, कारण धातूच्या पोकळ नळीच्या आत बाहेरच्या विजेचा जोर पोहोचत नाही. समजा, आपण शनिवार पेठेतून नदीकडे निघालो आहोत आणि वारा क्षणात पाठीवर, क्षणात तोंडावर येतो आहे. शहाणा माणूस काय करील? वारा तोंडावर आला, की एखाद्या वाड्याच्या देवडीत शिरेल. पाठीवर आला, की बाहेर पडून झपझप चालू लागेल. विडेरोच्या कणांनी हेच केले. नळीच्या अलीकडच्या फटीत एक धक्का, वीज उलटली तेवढा वेळ नळीत आसरा, पलीकडच्या फटीत दुसरा धक्का. दाब २५,००० व्होल्टचा आणि कण बाहेर पडला तो ५०,००० व्होल्टच्या जोराने. १९२८ साली हे प्रसिद्ध झाले. एक नळी चालली, तर शंभर का चालू नयेत? कणाचा वेग वाढत जाईल तसतशा नळ्या लांब करीत जायच्या, म्हणजे वेळ चुकणार नाही. सरळ रेषेत वेग वाढवणारे म्हणून हा रेषीय त्वरक. दवाखान्यातील मंडळी त्याला नुसते ‘लिनॅक’ म्हणतात.

मौज पुढेच आहे. १९२९ साली कॅलिफोर्नियातील ग्रंथालयात अर्नेस्ट लॉरेन्सने हा जर्मन निबंध चाळला. त्याचे जर्मन यथातथाच होते. पण आकृत्या पाहून त्याला मुद्दा कळला. सरळ वाट फार लांब होईल असे वाटून त्याने ती चुंबकाने वळवून गोल केली, सायक्लोट्रॉन बांधला आणि १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळवले. विडेरोची सरळ वाट त्यानंतर काही वर्षे तशीच ओस पडून राहिली.

याचे कारण सांगण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉन हा इतका हलका, की थोड्याशा दाबानेच तो प्रकाशाच्या जवळपास पोहोचतो. त्याला लपायला नळी द्यायची, तर विजेने सेकंदाला अब्जावधी वेळा उलटले पाहिजे, नाहीतर नळ्या हास्यास्पद लांबीच्या होतील. अशी वीज जोरकसपणे निर्माण करणारे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते. ते युद्धाने दिले. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे रँडल आणि बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. दहा सेंटिमीटर लांबीच्या जोरदार लाटा त्यातून निघत आणि त्या शत्रूची विमाने हुडकणाऱ्या रडारला हव्या होत्या. युद्ध संपले आणि ही सामग्री शास्त्रज्ञांच्या हाती आली. इंग्लंडमध्ये फ्राय आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला हॅन्सन यांनी तांब्याच्या पोकळ्यांची माळ करून तीत या लाटा सोडल्या. समुद्रावर फळी घेऊन लाटेवर स्वार होणारे लोक आपण चित्रात पाहतो, तसा इलेक्ट्रॉन त्या लाटेवर बसतो आणि किनाऱ्याला लागेपर्यंत उतरत नाही. आजचे दवाखान्यातले यंत्र हाताएवढ्या तांब्याच्या नळीत इलेक्ट्रॉनला ६० लाख व्होल्टचा जोर देते. तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या शेकडा ९९.७ असतो. मग तो टंगस्टनच्या पत्र्यावर आदळून थबकतो आणि त्यातून क्ष-किरणांचा झोत निघतो. हाच तो शेक.

१९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने पहिल्या रोग्यावर उपचार झाले. १९५६ साली स्टॅनफर्डला एका दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील गाठ या किरणांनी नाहीशी करण्यात आली. एक डोळा आधीच काढावा लागला होता, दुसरा वाचला. पुढे त्याच स्टॅनफर्डला तीन किलोमीटरहून लांब त्वरक उभा राहिला आणि त्याने प्रोटॉनच्या पोटातले क्वार्क दाखवले. शास्त्राच्या इतिहासात त्या लांब यंत्राचा मान मोठा आहे. मला विचाराल तर मी त्या एका डोळ्याकडेच अधिक वेळ पाहत राहीन.

आता पुणे. गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबाचा जुना वाडा १९४९ साली विद्यापीठाला मिळाला. त्या आवारातील भौतिकशास्त्र विभागात प्रा. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकात इलेक्ट्रॉन पळवणारे यंत्र घरीच घडवायला घेतले. सरळ आणि लांब यंत्र विद्यापीठाच्या ऐपतीबाहेरचे. त्यांनी निवडला ‘रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन’. नावावर जाऊ नका. घोरपडीजवळचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते लगेच उमगेल. सरळ वाटेवर त्वरकाचा एकच लहानसा तुकडा ठेवायचा. दोन टोकांना अर्धचंद्राकृती चुंबक. इलेक्ट्रॉन त्या तुकड्यातून धक्का घेऊन निघतो, एका चुंबकात वळतो, परत येतो, दुसऱ्या चुंबकात वळतो आणि पुन्हा त्याच तुकड्याच्या तोंडाशी हजर. प्रत्येक फेरीला जोर वाढतो, म्हणून वळण मोठे होते आणि परतीची वाट लांबते. लांब वाटेमुळे त्याला उशीर होतो, हे खरे. पण चुंबक असे बेतलेले असतात, की उशीर व्हावा तो बरोबर पूर्ण लाटांचाच. एक लाट चुकली तरी पुढची दारात उभीच! मूळ कल्पना रशियातील वेक्सलर यांची, १९४४ सालची. एका धक्का देणाऱ्याकडूनच पुन्हा पुन्हा काम करून घ्यायचे, ही काटकसर मात्र अस्सल पुणेरी वाटते, आणि पुणेकराने हे लिहिल्यास कोणी रागावू नये.

१९८० च्या सुमारास हे यंत्र उभे राहिल्याचे शोधनिबंध निघाले. साठ लाख व्होल्टच्या त्या इलेक्ट्रॉनांचा मारा पुढे अनेक वर्षे सिलिकॉनच्या डायोडांवर, प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर, सौरघटांवर झाला. अवकाशात जाणाऱ्या उपग्रहावर नाहीतरी असा वर्षाव होतच असतो; तो आधी जमिनीवर करून पाहिलेला बरा. त्याच झोताने चांदीचे आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कणही तयार करण्यात आले. जगाच्या मानाने हे यंत्र चिमुकलेच. पण निर्वात कसा राखावा, लाट आणि कण यांची वेळ कशी जुळवावी, चुंबकाचा पृष्ठभाग किती काटेकोर हवा, हे पुस्तक वाचून येत नाही. ते हात काळे करूनच येते, आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना ते गणेशखिंडीत आले.

घाटाखाली मुंबईत हेच काम रुग्णांसाठी चालले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मलहरींच्या कामातून वाढलेली एक संस्था १९८४ साली स्वतंत्र झाली आणि पवईला आय.आय.टी.च्या आवारात वसली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘समीर’ होते. वाऱ्याच्या या नावाच्या संस्थेने देशातला पहिला वैद्यकीय रेषीय त्वरक घडवला. तो १९९० च्या सुमारास चंदीगडच्या सरकारी रुग्णालयात बसला. त्यानंतरच्या ६० लाख व्होल्टच्या यंत्रांपैकी एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आले. चरख्याच्या गावात लिनॅक आला, याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. गावात घडलेले यंत्र गावात दुरुस्त होते, हा तेथलाच जुना विचार आहे. अर्थात फुशारकी मारण्याचे कारण नाही. आपल्या रुग्णालयांतील बहुतेक लिनॅक आजही परदेशातून येतात. एखादा भाग बिघडला आणि तो सातासमुद्रापलीकडून यायचा झाला, तर यंत्र बंद राहते आणि पाळी लागलेले रोगी धर्मशाळेत दिवस मोजीत बसतात. घरी घडवण्याचा प्रश्न अभिमानाचा थोडा आणि त्या दिवसांचा अधिक आहे.

मावशीला मिळाला तो शेक बहुधा कोबाल्टचा असावा. त्या काळी तोच सर्रास होता. कोबाल्ट हा सदा पेटलेला निखारा. वापरा अगर वापरू नका, सव्वापाच वर्षांत तो अर्धा होतो, आणि विझत आलेला निखारा टाकायचा कोठे ही विवंचना उरते. लिनॅकचे बटण बंद केले, की किरणही बंद. शिवाय कोबाल्टच्या किरणांचा सर्वांत मोठा जोर कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर, तर ६० लाख व्होल्टच्या झोताचा दीड सेंटिमीटरवर पडतो. त्यामुळे वरची कातडी बचावते आणि खोलवरच्या गाठीला अधिक पोहोचते. यंत्र रोग्याभोवती फिरत वेगवेगळ्या बाजूंनी नेम धरते. वाटेतल्या निरोगी भागाला थोडे थोडे, गाठीला सगळ्यांची बेरीज.

आणि ऊब? मावशी, तू म्हणत होतीस ते अगदी खरे होते. एका दिवसाच्या शेकाने शरीराचा तो भाग तापतो तो एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. गरम पाण्याच्या पिशवीने याहून कितीतरी पट अधिक ऊब मिळते. पण ती ऊब पेशींवर सारखी पसरते, आणि हे किरण पेशीच्या गाभ्यातला, तिला दुप्पट कसे व्हायचे ते सांगणारा धागा ठिकठिकाणी तोडतात. निरोगी पेशी रात्रीतून तो बराचसा सांधून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून शेक एका दिवसात उरकत नाहीत. थोडा थोडा, रोज, सहा आठवडे, मध्ये एकेक रात्र सोडून. झोक्याला लावलेल्या हातासारखेच.

माणसे खोलीबाहेर पळत होती तीही तुला टाकून नव्हे. तू एकदाच येणार. त्यांना दिवसभरात कितीतरी रोगी पाहायचे असतात, म्हणून ती जाड भिंतीआड उभी राहून तुझ्यावर नजर ठेवीत. आजही लिनॅकच्या खोलीत सकाळी पहिला झोत रोग्यावर सोडीत नाहीत. मोजमापाचे उपकरण मेजावर ठेवून, काल होता तेवढाच जोर आज आहे ना, हे तपासतात. आकडा जुळला, की मग दाराशी येऊन पहिल्या रोग्याच्या नावाने हाक मारतात.