फुरशांची शिरगणती

१/ सोलापूर जिल्ह्यातील मुरमाड माळरानांवर, दगडांखाली आणि काटेरी झुडपांच्या बुडाशी, जेमतेम हातभर लांबीचा एक साप राहतो. त्याचे नाव फुरसे. नाग, मण्यार व घोणस यांच्यासह भारतातील चार प्रमुख विषारी सापांत त्याची गणना होते. इंग्रजी राजवटीच्या दप्तरात या सापाची एक विलक्षण मोजदाद आढळते.

२/ फुरसे निशाचर आहे. बेडूक, पाली, उंदीर, विंचू हे त्याचे भक्ष्य. अंडी न घालता ते थेट पिल्लांना जन्म देते. डिवचले असता ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवतीसारख्या खवल्यांतून खरखर आवाज उमटतो. मातीत मिसळणाऱ्या रंगामुळे ते सहसा दिसत नाही. म्हणूनच अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा धोका अधिक.

३/ माळरानासारखीच उघडी, खडकाळ जमीन कोकणात जांभ्याच्या सड्यांच्या रूपाने आढळते. तेथे फुरशांची संख्या अफाट होती. सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशांसाठी बक्षीस लावले. डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी जमा झाली! सहा वर्षांची वार्षिक सरासरी होती २,२५,७२१.

४/ मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सर्पदंशावर लेख लिहिला. सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंची सरकारी आकडेवारी सदोष असल्याचे त्यांनी त्यात दाखवून दिले.

५/ मेलेला साप बक्षिसासाठी कचेरीत पोहोचत असे. माणसाच्या मृत्यूची नोंद होईलच, याची मात्र शाश्वती नव्हती. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्तस्राव होतो आणि मृत्यू कधी कधी कित्येक दिवसांनी येतो. तोवर दंशाशी त्याचा संबंध कागदावर उरेलच असे नाही.

६/ लक्षावधी फुरशी मारूनही हा साप कोकणातून नाहीसा झाला नाही. पुढे माणसे वाचवली ती प्रतिविषाने. आज भारतात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषांवर चालते.

७/ मृत्यूंच्या मोजणीचा प्रश्न मात्र उरलाच. २०२० मधील एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागात, रुग्णालयाबाहेर झाले. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे केंद्र सरकारने राज्यांना सांगितले ते २०२४ मध्ये. रत्नागिरीत फुरशांची शिरगणती झाली, त्याला तेव्हा १६२ वर्षे लोटली होती.