क्लच: वर्धा, आकुर्डी आणि डावा हात

मंडळी, या वीकेंडला जरा तेलकट विषय घेतोय. क्लच! जुनी गियरवाली स्कूटर चालवलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताला तो ठाऊक असतो, पण त्याचा इतिहास कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे त्याचा एक धागा आमच्या सिंदी मेघेला लागून असलेल्या वर्ध्यापर्यंत येतो.

वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. 29 नोव्हेंबर 1945 ला बजाज घराण्याची जी कंपनी निघाली, तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तीच आजची बजाज ऑटो! 1948 पासून ती परदेशी गाड्या आणून विकायची. 1959 ला उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, मग इटलीच्या पियाजिओच्या लायसन्सवर व्हेस्पा इथे बनू लागली. ते लायसन्स 1971 ला संपलं आणि 1972 ला आकुर्डीची चेतक आली. नाव बदललं, क्लच मात्र मुळात व्हेस्पाचाच.

आता त्याची रचना बघा. मोटारसायकलचा क्लच बहुधा गियरबॉक्सच्या शाफ्टवर असतो. व्हेस्पाचा थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला. तिथे फिरण्याचा वेग जास्त, पण टॉर्क कमी, म्हणून छोटासा क्लच पुरतो. कॉर्क लावलेल्या आणि साध्या स्टीलच्या प्लेट आलटून पालटून, त्यांना दाबणाऱ्या स्प्रिंगा, आणि सगळं गियरबॉक्सच्या तेलात बुडालेलं.

त्याचे आजार मुख्यतः दोनच. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, तर क्लच घसरतोय. आधी वायर फार ताणलेली नाही ना ते बघायचं. लिव्हरला थोडी ढील हवीच. ढील असूनही घसरला, तर प्लेट झिजल्या. दुसरा आजार उलटा: लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, गियर अडतो. म्हणजे वायर सैल. इंजिनखालचा अॅडजस्टर थोडा फिरवायचा, परत बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही याला डिबगिंग म्हणतो, गॅरेजवाले नुसतं 'बघतो' म्हणतात :)

क्लच हातातून काढून घ्यायचे प्रयत्नही तेव्हापासूनचेच. 1972 च्याच सुमारास कायनेटिकची लुना आली, तिचा क्लच वेग वाढला की आपोआप पकडायचा. 1984 ला कायनेटिक होंडाने गियरसुद्धा घालवले. आणि 2019 ला चेतक परत आली ती इलेक्ट्रिक होऊन. मोटर शून्य वेगापासून जोर देते, मग क्लच हवा कशाला?

इथेच एक छान अपवाद आहे. ट्रायल्स नावाच्या खेळात दगडधोंड्यांवरून मोटारसायकल न्यायची असते, पाय जमिनीला टेकला की गुण गेले. तिथे क्लचवरच्या एका बोटावर सगळा खेळ. 2018 ला यामाहाने या खेळासाठी टीवाय-ई ही इलेक्ट्रिक गाडी उतरवली आणि तिला चक्क क्लच ठेवला! फिरत्या फ्लायव्हीलमधला साठलेला जोर नेमक्या क्षणी सोडता यावा म्हणून.

म्हणजे क्लच ही फक्त पेट्रोल इंजिनची लाचारी नव्हती. जोर कधी आणि किती सोडायचा, हे माणसाने ठरवायची ती जागा होती. रोजच्या रस्त्यावर ती गेली, सोय झाली, तक्रार नाही. पण गाडीचा आजार हाताला कळायचा, तो आता स्क्रीनवर कोड बनून येतो. पोटापाण्यासाठी कोडच लिहितो, तरी एवढं म्हणतोच: घरात जुनी चेतक असेल तर भंगारात द्यायच्या आधी एकदा तिची ढील तपासा.