मेसचं बिल आणि विद्यापीठाचं नाव

फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कसबे तडवळ्याला आले. हे गाव आजच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात, बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवर. निमित्त महार-मांग वतनदार परिषदेचं, मुक्काम गावातल्या शाळेच्या इमारतीत. त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर निजामाच्या राजधानीत, हैदराबादला जावं लागे. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं, आणि शिकवणं उर्दूतून. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची तिथं दमछाक व्हायची; गावकुसाबाहेरचं पोर तर बहुतेक वेळा तिथवर पोचायचंच नाही.

पुढच्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तिथं त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैशांचा आग्रह धरला. १९४४ मध्ये त्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची ‘भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ तिचीच वारस. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. नागसेनवनाच्या त्या परिसरात वर्गखोल्यांइतकंच महत्त्व वसतिगृहांना होतं. ते साहजिकच होतं. फी माफ झाली तरी शहरात खोली कोण देणार आणि दोन वेळचं जेवण कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. जात विचारून खोली नाकारणारी घरं शहरातही होती.

मराठवाडा विद्यापीठ ऑगस्ट १९५८ मध्ये स्थापन झालं. पाच जिल्हे त्याच्या कक्षेत होते आणि उस्मानाबाद त्यातला एक; तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होतं. हैदराबादचं ओझं उतरलं, पण औरंगाबाद तरी कुठं जवळ होतं? सुमारे अडीचशे किलोमीटर.

मग आला नावाचा प्रश्न. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, पाणी तोडलं गेलं, कामावर बहिष्कार पडला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आलं. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते प्रादेशिक अस्मितेच्या मुद्द्यावर नामांतराच्या विरोधात होते. युवक क्रांती दलाचे (युक्रांद) तरुण आणि समाजवादी कार्यकर्ते बाजूनं. अस्मितेचा युक्तिवाद प्रामाणिक असेलही, पण घरं जाळणारे काही तो वाचून आले नव्हते. राग विद्यापीठाच्या पाटीपेक्षा शिकून खुर्चीत बसू लागलेल्या पोरांवर जास्त होता. सरकारनं अंमलबजावणी थांबवली. पुढच्या वर्षी प्रा. जोगेंद्र कवाडे नागपूरहून लाँग मार्च घेऊन निघाले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला तोडगा निघाला तो नामविस्ताराचा: ‘मराठवाडा’ राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव लागलं.

त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं दुसरं विद्यापीठ झालं. लातूर तिकडं गेलं आणि धाराशिव औरंगाबादकडंच राहिलं. २००४ मध्ये विद्यापीठाचं उपकेंद्र उस्मानाबादेत आलं, तेव्हा कुठं पदव्युत्तर शिक्षणासाठी गाव सोडण्याची सक्ती थोडी सैल झाली. मुलींच्या बाबतीत तर याचं मोल अधिक.

जिल्ह्यातला दुसरा कॅम्पस तुळजापूरचा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं (टिस) १९८० च्या दशकात आपलं ग्रामीण केंद्र इथं उभं केलं. देवीला येणाऱ्या गर्दीला त्याचा पत्ताही नसतो. पण देशभरातून आलेली दलित, आदिवासी, ओबीसी मुलं तिथं शिकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या मुंबई, तुळजापूर, गुवाहाटी आणि हैदराबाद या चारही कॅम्पसवर विद्यार्थी संपावर गेले. कारण कुणालाही समजेल असं होतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांना मेस आणि वसतिगृहाच्या शुल्कात मिळणारी सवलत संस्थेनं काढून घेतली होती. संस्थेनं आर्थिक चणचण सांगितली. मुलांचं म्हणणं, शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून येतात उशिरा, बिल मात्र आधी भरायचं. ज्याच्या घरी ऊसतोड आहे त्यानं ते कुठून आणायचं? प्रवेशयादीत नाव आहे, पण जेवणाचं बिल थकलंय, अशा मुलाचा कॅम्पस अर्धाच असतो.

हाच व्यवहार ओळखून राज्य सरकारनं त्याआधीच, २०१६-१७ मध्ये, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात थेट पैसे जातात. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी वर्षाला ४३,००० रुपये ठरले: भोजनाला २५,०००, निवासाला १२,०००, निर्वाहाला ६,०००. भोजनाची रक्कम महिन्याला दोन हजारांच्या जरा वर जाते.